चाळीसही निरोगी

१

चाळीस माणसांपैकी वीस जण आजारी आहेत, हे आधीपासून ठाऊक होतं. त्या वीस जणांच्या यकृतावर चरबी साचलेली होती. सोनोग्राफीत ती दिसली होती आणि सुई टोचून काढलेल्या तुकड्यातही सापडली होती. तरीही सोमवारी सकाळी रक्तचाचणीचा निकाल आला, तेव्हा चाळीसच्या चाळीस माणसं ठणठणीत निघाली.

"चाळीसही निरोगी?" संचालकांनी कागद उलटून पाहिला, जणू आजारी माणसं मागच्या बाजूला असतील. "अहो, ही चाचणी आहे की आशीर्वाद?"

कुणी हसलं नाही. टेबलाच्या टोकाला प्रयोगशाळेची प्रमुख बसली होती. पंधरा वर्षं तिनं या एका चाचणीत घातली होती. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. तिच्याशेजारी बसलेल्या तिच्या उपप्रमुखाच्या तोंडचं तर पाणीच पळालं होतं.

दाराजवळच्या खुर्चीत गुणवत्ता विभागाच्या बाई बसल्या होत्या. संस्थेत त्यांना माघारी सगळे चाळणीबाई म्हणायचे, कारण त्यांच्या नजरेतून चूक निसटत नसे. निकाल ऐकला आणि बाईंच्या मनात काहीतरी टुणकन उडालं. खोटं कशाला बोला, तो आनंदच होता.

"शुक्रवारी बाहेरची समिती येतेय," संचालक म्हणाले. "तोवर कारण सापडलं तर पुन्हा एक संधी मागता येईल. नाही सापडलं तर चाचणी बंद, प्रयोगशाळेला कुलूप. चौकशी कुणाकडे द्यायची?"

"हिच्याकडे द्या," प्रमुख चटकन म्हणाली आणि तिनं चाळणीबाईंकडे बोट केलं. "हिच्याइतकं नीट कुणी बघणार नाही."

या विश्वासाचा बाईंना निकालापेक्षा जास्त राग आला. शत्रूनं निदान शत्रूसारखं तरी वागावं की नाही!

२

या दोघी एकेकाळी हॉस्टेलात एका खोलीत राहायच्या. प्रमुखबाईंना तेव्हा जाड भिंगांचा चष्मा होता, म्हणून सगळ्या मुली त्यांना ढापणी म्हणत. चाळणीबाई मनातल्या मनात अजून तेच म्हणायच्या, आणि हल्ली जरा जास्तच चवीनं.

कारण मूळ कल्पना चाळणीबाईंची होती. त्यांचे वडील यकृत कडक होऊन गेले. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नव्हते, पण भेटायला येणारा प्रत्येक माणूस दाराबाहेर हळूच विचारायचा, "घेत होते का हो?" त्यांना सुईची भीती होती. तपासणी टाळता टाळता फार उशीर झाला. त्यांच्या उशाशी बसून लेकीनं वहीत लिहून ठेवलं होतं, की सुई न टोचता, नुसत्या रक्तावरून यकृताचं दुखणं कळायला हवं. ती वही तिनं एकीलाच दाखवली. मग वडिलांच्या सेवेत तिचं संशोधन सुटलं, आणि त्या एकीनं पुढे तेच काम हाती घेतलं. वडील गेल्यावर बाईंना नोकरी मिळाली ती इतरांच्या चुका शोधायची.

आता चाचणी काय होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पेशी आपापल्या कामासाठी बारीक चिठोऱ्या लिहीत असतात असं समजा. मायक्रोआरएनए हे त्यांचं शास्त्रातलं नाव. प्रत्येकीला नंबर असतो. एकशेबावीस नंबरची चिठोरी जवळजवळ सगळी यकृतातच असते. चरबीनं यकृताच्या पेशींना जाच झाला, की ती रक्तात सांडते. रक्तात ती जास्त सापडली, तर यकृताची चौकशी करायची.

पण जास्त म्हणजे कशापेक्षा जास्त? त्यासाठी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात एखादं वजन हवं, म्हणजे सगळ्यांच्या रक्तात साधारण सारखी असणारी दुसरी एखादी चिठोरी. मागाहून कुणी सोयीचं वजन निवडू नये, म्हणून ते आधीच ठरवून पाकिटात सीलबंद केलं होतं. प्रमुख, उपप्रमुख आणि चाळणीबाई, या तिघांनाच ते ठाऊक होतं. मोजणाऱ्या तंत्रज्ञाला आठ चिठोऱ्या मोजायला दिल्या होत्या. त्यातली वजनाची कोणती, हे त्याला सांगितलेलं नव्हतं.

सोमवारी दुपारी बाईंनी कच्चे आकडे मागवले आणि तासाभरात खुर्चीत ताठ बसल्या. आजारी लोकांची एकशेबावीस नंबरची चिठोरी जितकी वाढायला हवी तितकी वाढलेली होती. माल कमी झालाच नव्हता, वजन जड झालं होतं. चाळीसही नळ्यांत ते तिप्पट-चौपट झालं होतं.

वजन होतं सोळा नंबरच्या चिठोरीचं. ही चिठोरी रक्ताच्या तांबड्या पेशींत ठासून भरलेली असते. त्या पेशी फुटल्या, की ती बाहेर येते. 'या वजनावर भरवसा ठेवू नये' असं बाईंनी सहा महिन्यांपूर्वी लेखी कळवलं होतं आणि ढापणीनं ते हसून बाजूला ठेवलं होतं. बाईंना आपलं ते पत्र फ्रेम करून भिंतीवर लावावंसं वाटलं.

पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. चाळीस माणसांच्या तांबड्या पेशी एकजात फुटल्या कशा?

३

"फुटल्या नव्हत्या," घड्याळकाका म्हणाले.

काका प्रयोगशाळेचे जुने तंत्रज्ञ. निवृत्तीला आठ महिने उरलेले. रक्त किती वाजता आलं, किती वाजता यंत्रात फिरवून त्यातला पिवळा रस वेगळा केला, किती वाजता नळ्या फ्रीजरमध्ये गेल्या, हे सगळं मिनिटासकट लिहायची त्यांना सवय होती, म्हणून हे नाव पडलं होतं. त्यांनी वही बाईंपुढे सरकवली.

"बघा. आठ दिवस, रोज पाच माणसं. प्रत्येक रसाचा रंग मी यंत्रावर मोजलाय. पेशी फुटलेल्या असत्या तर लाली दिसली असती. एकातही नाही."

"आणि परवा चाचणीच्या वेळी पुन्हा मोजलात?"

"पुन्हा मोजायचं नियमात नाही, बाई."

तो नियम लिहिला होता कुणी? चाळणीबाईंनीच. त्यांनी विषय बदलला.

"किल्ल्या किती आहेत फ्रीजरच्या?"

"तीन. एक माझी, एक मॅडमची, एक उपप्रमुखांची." काकांनी खिशावर हात ठेवला. "माझी कधी घरी जात नाही. जाताना पहारेकऱ्याकडे सही करून ठेवतो, सकाळी सही करून घेतो. तुम्ही काय विचारणार ते मला कळतंय, बाई. पण मी कशाला माझ्याच हातचं काम नासवू?"

उपप्रमुखाला मात्र या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. तो आपल्या काचेच्या खोलीत पाय हलवत बसला होता.

"काकांची नजर गेलीय हो. रंग मोजलाच नसणार. घरी बसून आकडे भरले असतील, सगळे कसे छान एकसारखे!"

"तुम्हाला काय वाटतं, ते मी मागाहून विचारीन. शोधनिबंधावर तुमचं नाव कितवं आहे?"

त्याचा पाय थांबला. "चौथं."

"आधी दुसरं होतं ना?"

"होतं." तो कडवट हसला. "दोन जागा यकृतवाल्या डॉक्टरांना आणि संख्याशास्त्रवाल्यांना गेल्या. तो डॉक्टर आपल्या प्रमुखबाईंचा नवरा ना, त्याचं नाव दुसरं! लागलं मला, मिरच्याच झोंबल्या. पण बाई, चाचणी बुडाली तर चौथं नावही बुडालं. मी काय वेडा आहे?"

बाईंना त्याचा राग आला नाही. पोटात दुखणाऱ्या माणसाचा आवाज त्या बरोबर ओळखत. स्वतःचाच रोज ऐकत होत्या.

४

प्रत्येक माणसाच्या दोन नळ्या होत्या. एक चाचणीत वापरायची, दुसरी राखीव. मंगळवारी सकाळी बाईंनी राखीव चाळीस नळ्यांचा खोका मागवला. उणे ऐंशी अंशांच्या थंडीतून आलेल्या नळ्या धुरासारखी वाफ सोडत होत्या.

नळ्या करंगळीएवढ्या, आणि लेबल भोवती पूर्ण गुंडाळलेलं, त्यामुळे आतलं काहीच दिसत नव्हतं. कुणी लेबलांची अदलाबदल केली का, हे आधी पाहायचं होतं. गोठलेल्या नळीवर नवं लेबल धड चिकटत नाही, नखानं निघतं. बाईंनी नखानं ओढून पाहिलं. एकही लेबल हललं नाही. म्हणजे ते मूळचंच, नळी गोठायच्या आधी लावलेलं.

"आता ब्लेड द्या," त्या काकांना म्हणाल्या.

त्यांनी एका नळीचं लेबल उभं चिरून सोललं. आत रस गोठलेला होता आणि त्याला जेमतेम गुलाबी झाक होती. काकांनी कपाळाला हात लावला.

"नव्हता हो! देवाशपथ असा नव्हता!"

बाईंचं लक्ष मात्र रंगाकडे नव्हतं. त्यांनी नळी उजेडाकडे धरली, फिरवली, मग दुसरी सोलली, तिसरी सोलली.

"काका, तुम्ही नळ्या फ्रीजरमध्ये कशा ठेवता?"

"कशा म्हणजे? उभ्या. भोकांच्या खोक्यात दुसऱ्या कशा राहणार?"

"उभ्या नळीत रस तळाशी गोठतो. इथं बघा."

तळ अर्धा रिकामा होता. रस नळीच्या एका अंगाला, तळापासून झाकणापर्यंत, कुशीवर झोपल्यासारखा लांबट गोठला होता. दहा नळ्या सोलल्या, दहाही तशाच. आठ वेगवेगळ्या दिवशी उभ्या गोठवलेल्या नळ्या आज सगळ्या आडव्या गोठलेल्या होत्या.

घड्याळकाकांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते स्टुलावर बसलेच.

"म्हणजे कुणीतरी बाहेर काढल्या. वितळवल्या. काहीतरी घातलं…"

"फोडलेलं रक्त. अगदी किंचित."

"…आणि दुसरीकडे कुठंतरी आडव्या ठेवून पुन्हा गोठवल्या. मग परत आणून माझ्या खोक्यात उभ्या केल्या."

"तुमची वही खरी आहे, काका," बाई म्हणाल्या. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्या घाईनं खोका बंद करायला लागल्या. रडणाऱ्या माणसांपुढे काय करायचं, हे त्यांना कधीच जमलं नव्हतं.

५

संस्थेत इतक्या थंडीचे फ्रीजर पाच होते. बाईंनी पाचही उघडून पाहिले. चारांत उभे खोके. पाचवा यकृताच्या वॉर्डातला.

"इथं सगळं आडवंच," वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी एक कप्पा ओढून दाखवला. कप्पा जेमतेम दोन बोटं खोल होता. "सुईनं काढलेले तुकडे असतात ना, त्यांच्या पट्ट्या ठेवायला केलाय. नळी उभी करायला गेलं तर कप्पा आत जात नाही."

"हा उघडतं कोण?"

"अंगठा लागतो. माझा, रात्रपाळीच्या सिस्टरचा आणि डॉक्टरांचा. बस्स."

"प्रयोगशाळेत तुमचं जाणं असतं?"

"मी? त्या काकांच्या राज्यात? अहो, रक्त द्यायला दोन मिनिटं उशीर झाला तर वहीत माझं नाव लाल शाईनं लिहितात. दारातूनच नळ्या देते नि पळते." सिस्टर वैतागून हसल्या. "पण एक सांगू? सगळेच म्हणतायत की चाचणी फसली ते बरं झालं. डॉक्टरांच्या हाताला तोड नाही. लोक लांबून येतात, म्हणतात सुई टोचली ते कळलंसुद्धा नाही. पेशंट त्यांना सुईसम्राट म्हणतात!"

बाई आपल्या खोलीत परतल्या आणि कागदावर तीन रकाने आखले. हे काम करायला तीन गोष्टी हव्या होत्या. प्रयोगशाळेच्या फ्रीजरची किल्ली. वॉर्डच्या फ्रीजरला चालणारा अंगठा. आणि सोळा नंबरचं गुपित, कारण ते माहीत नसेल तर नेमक्या तांबड्या पेशी फोडून घालायचं सुचेल कुणाला?

काकांकडे किल्ली होती, बाकी काही नाही. उपप्रमुखाकडे किल्ली होती, गुपित होतं, पण अंगठा नाही. दोन्ही सिस्टरांकडे नुसता अंगठा. डॉक्टरांकडे नुसता अंगठा. ढापणीकडे किल्ली आणि गुपित, पण अंगठा नाही. आणि आपलंच पोर कोण मारील?

तिन्ही गोष्टी कुणाजवळच नव्हत्या. शेवटी राहिलं एकच नाव, गुपित माहीत असलेलं आणि कारणही भरपूर असलेलं. ते त्यांचं स्वतःचं होतं. बुधवारी संचालकांनी ते हसत हसत बोलूनही दाखवलं.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण संस्थेत कुजबुज आहे. म्हणे, चाळणीबाईंनाच ती चाचणी डोळ्यांत खुपते."

"खुपतेच," बाई म्हणाल्या. संचालकांचं हसू विरलं.

६

गुरुवारी सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, आवाज का असा? अजून तेच का, ढापणीचं?"

"उद्या समिती आहे. मला काही सापडत नाहीये. आणि खरं सांगू, सापडावं असंही मनापासून वाटत नाहीये."

"जळतेस तू तिच्यावर."

"हो."

"पंधरा वर्षं जळतेस गं! एवढ्यात माणूस कोळसा होतं." धाकटीला ताईची भीड अशी कधी नव्हतीच. "बरं, त्या सीलबंद पाकिटात काय होतं ते तरी सांग. मागे विचारलं तर तोंडाला कुलूप लावून बसलीस."

"अगं, गुप्त म्हणजे गुप्त."

"बाहेरच्यांसाठी गुप्त! मी का बाहेरची? आमच्या ह्यांच्या कचेरीत कुणाची बदली होणार, कुणाचं कुणाशी वाजलंय, सगळं मला साहेबाच्या आधी कळतं. जेवताना आणखी बोलायचं काय? घरच्या माणसाला सांगितलं म्हणजे काय कुणाला सांगितलं, असं थोडंच वाटतं कुणाला!"

चाळणीबाई टेबलावरच्या कागदाकडे बघायला लागल्या.

"ताई? ऐकतेयस ना?"

"ठेवते गं. कामाचं बोललीस तू."

त्यांनी रकान्यांचा कागद पुढे ओढला. त्या एकट्या राहत होत्या. जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर कुणी नसे. म्हणून त्यांनी माणसं एकेकटी धरली होती, घरं धरलीच नव्हती. ढापणीची किल्ली रात्री कुठे असते? घरी. ढापणीचं गुपित रोज जेवताना कुणासमोर बसतं? आणि त्याच टेबलावर समोर जो बसतो, त्याचा अंगठा कुठे चालतो?

तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली राहत होत्या.

त्या घराचाही बाईंनी पंधरा वर्षं हेवा केला होता. दोघं एका गाडीतून येतात, एका गाडीतून जातात, ती दमली की तो तिची पिशवी धरतो. उठताना त्यांना हलकं वाटलं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

७

डॉक्टरांनी कबूल करायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. बाईंनी सोललेली नळी टेबलावर आडवी ठेवली आणि नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"चाचणीच्या आधीच्या रविवारी," ते म्हणाले. "ती झोपली होती दुपारी. किल्ली खुंटीवरच असते. संध्याकाळी नेऊन ठेवल्या परत. कप्प्यात आडव्या गोठतील हे डोक्यातच आलं नाही. वीस वर्षं तिथं सगळं आडवंच ठेवतोय मी."

"रक्त कुणाचं?"

"माझंच. दुसऱ्या कुणाचं घेऊ?" त्यांनी आपले हात टेबलावर पसरले. सुंदर हात होते, लांब बोटांचे, जरासुद्धा न थरथरणारे. "हे बघा. या हातांवर तिनं प्रेम केलं होतं. आणि गेल्या महिन्यातल्या सभेत, चारशे लोकांसमोर, ती म्हणाली, 'आता सुई विसरा.' सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना गाडीत ती तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवत होती, किती टाळ्या पडल्या ते सांगत होती. तिला कळलंसुद्धा नाही की तिच्या शेजारी कोण बसलंय."

"म्हणून पंधरा वर्षांवर पाणी ओतायचं?"

"तुम्ही विचारताय?" डॉक्टर पुढे वाकले. त्यांचा आवाज मऊ झाला. "वहीची गोष्ट मला माहीत आहे. तिनंच सांगितलीय, जेवताना. तुमची कल्पना, तुमचे वडील, आणि नाव तिचं. या इमारतीत मला समजून घेणारं माणूस एकच आहे, ते माझ्यासमोर बसलंय. एक ओळ लिहा. 'कारण सापडलं नाही.' खोटंही नाही फारसं. नाहीतरी ते वजन चुकीचं आहे, हे तुम्हीच लिहून दिलं होतं."

बाईंना त्या माणसाची किळस आली नाही, हीच तर भीतीची गोष्ट होती. प्रत्येक शब्द ओळखीचा होता. रात्री उशीवर डोकं टेकल्यावर त्या स्वतःशी हेच बोलत असत, फक्त त्यांच्या हातात किल्ली नव्हती. एक ओळ लिहिली की झालं. कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. त्यांनी पेन काढलंसुद्धा.

मग त्यांना दाराबाहेर हळूच विचारणारी ती माणसं आठवली. घेत होते का हो? सुईला भिऊन घरात बसलेलं आणखी कुणाचं तरी वडीलमाणूस आजही कुठेतरी असणार. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि त्या उठल्या.

"मी तुमच्याइतकीच जळते, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा जास्त वर्षं जळतेय."

८

ढापणीच्या खोलीचं दार त्यांनी आतून लावलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वजन, नळ्या, कप्पा, खुंटी, रविवारची दुपार. सांगताना त्यांची नजर समोरच्या चेहऱ्यावर होती. ती आता कोसळेल, याची त्या वाट बघत होत्या. सहानुभूतीचं वाक्यही त्यांनी जिन्यात जुळवून ठेवलं होतं.

ढापणीचा चेहरा पांढरा पडला. तिनं टेबलाची कड धरली.

"सारखंच घातलं का?" तिनं विचारलं.

"काय?"

"रक्त. सगळ्या नळ्यांत सारखंच घातलं, की अंदाजानं?"

चाळणीबाईंनी हे विचारलंच नव्हतं. ज्यांच्या नजरेतून काही निसटत नाही, त्यांच्या मनातही हे आलं नव्हतं.

ढापणीनं फोन उचलला. आतल्याच नंबरवर लावला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "काही सांगू नकोस. फक्त विचारते त्याचं उत्तर दे. मोजून घातलंस का? … किती? … वापरायच्या नळ्यांतही? … सगळ्या ऐंशींत? … नक्की?"

तिनं फोन ठेवला. कागद ओढला आणि आकडा लिहायला गेली, पण पेन कागदावर नुसतं टकटकत राहिलं. चाळणीबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं.

"सांग."

"एक मायक्रोलीटर. प्रत्येकीत. तो मोजल्याशिवाय काही करत नाही." तिचा आवाज चिरकला, मग पुन्हा सरळ झाला. "सारखं घातलंय म्हणजे वजा करता येईल. चाळीसही नळ्यांतून तेवढंच सोळा नंबर वजा कर. समिती तो निकाल मान्य करणार नाही, ते मला कळतंय. पण चाचणी खोटी नाही, एवढं तर दिसेल. नवे चाळीस जण घ्यायला परवानगी देतील. बस ना, उभी का?"

चाळणीबाई बसल्या. ती आकडे सांगत गेली, या वजा करत गेल्या. मध्येच ढापणीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ती ते पुसतही नव्हती आणि थांबतही नव्हती. तेराव्या नळीपाशी बाईंची वजाबाकी चुकली, तर तिनं डोळ्यांत पाणी असतानाच ती चूक पकडली. दीड तासानं वीस आजाऱ्यांपैकी एकोणीस एका बाजूला आले आणि वीसही निरोगी दुसऱ्या बाजूला राहिले.

बाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. कल्पना माझी होती आणि नशिबानं ती हिच्या पदरात टाकली, असं त्या इतकी वर्षं स्वतःला सांगत आल्या होत्या. आज ही बातमी त्यांना कुणी दिली असती, तर त्या आधी घरी गेल्या असत्या, मग महिनाभर रडल्या असत्या, आणि आकडा विचारायचं कदाचित कधीच सुचलं नसतं. वही त्यांच्याकडेच राहिली असती, तरी ही चाचणी हिच्याच हातून झाली असती. पंधरा वर्षांत झाला नाही असा जळफळाट त्यांच्या छातीत उठला, कारण या वेळी दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं.

"अहवाल कधी देतेस?" ढापणीनं विचारलं.

"आत्ताच. पण त्यात…" बाई अडखळल्या. "वॉर्डातल्या एका व्यक्तीनं, एवढंच लिहिलं तरी चालेल. समितीला तेवढं पुरेल."

ढापणीनं चष्मा घातला. खुर्ची ओढून ती त्यांच्या शेजारी येऊन बसली, हॉस्टेलात परीक्षेच्या आदल्या दिवशी बसायची तशी अगदी जवळ.

"नाव लिही," ती म्हणाली. "पूर्ण. पदवीसकट."